तपासणी : नॉर्मल

हसा. नुकते डॉक्टर झालात, तुम्हाला हसायला काय जातं? पण हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. त्याच्या तोंडून ऐकलंय मी.

साडू कॅज्युअल्टीत डॉक्टर. गेल्या वर्षी, एका मंगळवारी रात्री, ड्यूटी संपल्यावर विसरलेला चष्मा आणायला परत गेला. बदलीचा डॉक्टर आलाच नव्हता, म्हणून हाच अडकला. आधीच वैतागलेला. दोन वाजून दहा मिनिटांनी एक शिंपी आला, बायकोच्या खांद्यावर भार टाकून. ताप, मांडीत ठणका, सकाळपासून लघवी अडलेली. तीन दिवसांत दोन दवाखाने पालथे घातलेले. एक म्हणाला नस, दुसरा म्हणाला मूतखडा. माणसाला कुशीवर वळवून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तुम्ही तरी कुठे घेता? लाज पेशंटला वाटते आणि कंटाळा तुम्हाला येतो. सांगून सांगून थकलो मी.

साडूनेही केसपेपरवर लिहून टाकलं, 'गुदद्वाराची तपासणी : नॉर्मल.' हात न लावता. गोळ्या देऊन घरी पाठवणार होता.

कोपऱ्यात एक म्हातारा उभा होता.

"बसा ना, आजोबा."

"बसवत नाही."

"सर, कोणाशी बोलताय?" सिस्टरने विचारलं.

साडूने कागदाकडे पाहिलं. ती ओळ नव्हती.

पुन्हा लिहिली. सही करायला गेला... जागा कोरी.

तिसऱ्यांदा दाबून लिहिली. बघत राहिला. अक्षरं गेली. एकेक करून.

म्हातारा आता टेबलापाशी होता. उभाच.

"माझ्या कागदावरही तुम्ही हेच..."

साडूला चेहरा आठवला. त्याने हातमोजा चढवला, शिंप्याला कुशीवर वळवलं. बोट आत गेलं तसा शिंपी कळवळला. आत खोलवर पुवाने भरलेलं गळू, बाहेर साधी पुळीसुद्धा नाही. सर्जनला झोपेतून उठवलं, पहाटे ऑपरेशन झालं. घरी पाठवला असता तर हाती लागला नसता. आज तो मशीनवर बसून कपडे शिवतो.

कोपरा तोवर रिकामा झाला होता.

सकाळी साडूने रेकॉर्डची खोली उघडून घेतली. म्हाताऱ्याचा तीन वर्षांपूर्वीचा कागद काढला. पोटदुखी म्हणून घरी पाठवलेला म्हातारा, चौथ्या दिवशी गेला होता. ती ओळ साडूच्याच अक्षरात होती. त्या वेळी त्याने ती एकदाच लिहिली होती.

आता ती चारदा होती.

खालच्या तीन ओळी ओल्या होत्या... शाई त्याच्या बोटाला लागली.