टोपीवरच्या चार लाटा

"माझ्याच भाचीने माझा गळा कापला," म्हणत डिझायनरमामा खुर्चीत बसले. वहिनींनी पुढे केलेला चहा त्यांनी तसाच निवू दिला.

वहिनी खासगी चौकशीची कामं घेत. त्यांचे दीर, भावजी, सोबत हिंडत आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेत. याला ते अनुभव म्हणत.

मामांनी एका बोट कंपनीसाठी सहा महिने खपून बोधचिन्ह केलं होतं: होडी आणि खाली सात लाटा. पाटी रंगवायला दिली होती, खलाशांच्या टोप्या भरतकामाला. बाकी कुणी काही पाहिलेलं नव्हतं. आणि काल समोरच्या धक्क्यावर दुसऱ्या कंपनीची पुरुषभर उंच, पिवळी पाटी झळकली. तीच होडी, खाली चार लाटा.

"भाची माझ्याच कचेरीत काम करते. चार लाटांचं चित्र तिच्याच टेबलावर सापडलं. संध्याकाळी ती सामान घेऊन निघतेय." मामांनी चहाचा कप बाजूला सारला. "लहानपणापासून वाढवलीय हो तिला."

"घरचा भेदी!" भावजी म्हणाले. वहिनींनी चपला घातल्या.

रंगारी शिडीवरच भेटला. "सात लाटा, बाई! हात भरून आला." नमुना दारावरच डकवलेला होता, दाराएवढाच.

भरतकामवाले काका हसतमुख होते. "आमच्याकडे हे अंगठ्याएवढं चित्र आलं. झकास आहे."

"मोठं पाहिलंत?"

"मोठं काय वेगळं असणार? हेच ताणायचं."

कपाटात पांढऱ्या टोप्यांमागे पिवळ्या टोप्यांचे गठ्ठे दिसत होते. भावजींना रंग आवडला.

भाची कचेरीत बॅग भरत होती. "चार लाटा मीच काढल्या. टोपीवर सात भरल्या तर दोऱ्याचा गोळा होतो, म्हणून भरतकामाला चारच पाठवल्या. पण मामांच्या रेषेला हात लावायचा म्हणजे... सांगायचं राहून गेलं."

"कबुली!" भावजी कुजबुजले.

वहिनींनी मामांना तिथेच बोलावून समोर बसवलं. "मामा, ती पिवळी पाटी कशी दिसते?"

"दात पडलेल्या फणीसारखी. एवढ्या मोठ्या पाटीवर चार लाटा विरळच दिसणार."

"हे तुमच्या भाचीला कळत नाही?"

मामांनी भाचीकडे पाहिलं.

"तिच्याकडे दोन्ही चित्रं होती. पाटीसाठी द्यायचं तर तिने सात लाटांचंच दिलं असतं. रंगाऱ्याकडे फक्त सात लाटांचं होतं. चार लाटांचं चित्र ताणून पुरुषभर करील तो, ज्याला मोठं चित्र वेगळं आहे हेच ठाऊक नाही. काकांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पिवळ्या टोप्यांचं कामही मिळावं म्हणून त्यांनी तुमचं चिन्ह तिकडे दिलं. बोट कंपनीच्या टोप्या पांढऱ्या, मग पिवळ्या कुणाच्या?"

भावजींनी घसा खाकरला. "मला तो रंग तेव्हाच खटकला होता."

मामांनी भाचीच्या टेबलावरचं अंगठ्याएवढं चित्र खिडकीपाशी नेलं, हात लांब करून पाहिलं. "चार पुरेशा आहेत," ते हळूच म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं. चुकलो गं मी. तुला विचारलंसुद्धा नाही."

भाचीच्या खांद्यावर बॅग तशीच होती. डोळे भरले होते, तरी ती रागावलेलीच होती.

"उद्या आपली पाटी लावायचीय," ती म्हणाली. "वर मी चढणार. शिडी कोण धरणार?"

"मी," मामा म्हणाले. मग त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.