वैयक्तिक कारण

आवाज ओळखीचा होता, माणूस नव्हता.

लष्कर मोहल्ल्यातल्या छापखान्यात तुंगा कार्यशाळेची पत्रकं घ्यायला आली होती. बाहेर भुरभुर पाऊस, आत शाईचा वास आणि यंत्राची धडधड. तिच्या मागं कुणीतरी दुकानदाराला कन्नडमध्ये समजावत होतं, निळा जरा हलका करा म्हणून... आणि तिच्या अंगावर शिरशिरी आली. हा आवाज ती कित्येक दिवस हेडफोन लावून ऐकत होती!

ती वळली. शेलाटा तरुण, खांदे भिजलेले, काखेत कागदाची गुंडाळी.

"तुम्हीच ना — 'कुंचला' शिकवणारे?" तिनं कन्नडमध्येच विचारलं.

तो चपापला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो मराठीत बोलू लागला. "हो गं आई, जेवलो... निघतोच आता."

तुंगाला हसू आवरेना. "अय्यो, तुम्ही आमच्यातलेच की!"

"घरी मराठीच. आजोळ मात्र इकडचं, सोसले गावचं," तो ओशाळून म्हणाला. "मी संकर्षण. एच. डी. कोटे गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो."

'कुंचला' हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, कुणालाही फुकट, कुणालाही बदलता येणारं. बनवणाऱ्यांना शिकवायला सवड नव्हती. धडे बाहेरचेच लोक आपापल्या भाषेत करत. त्यातले चांगले धडे पारखून प्रकल्पाच्या पानावर लावायचे आणि चार लोकांना आवर्जून सांगायचे, हे काम तुंगा नोकरी सांभाळून करी. तिथं तिला सगळे 'टी. एम.' म्हणूनच ओळखत.

पाऊस थांबेना, म्हणून दोघं समोरच्या हॉटेलात कॉफीला बसली.

"त्या टी. एम.ला तुम्ही ओळखता का हो?" संकर्षणनं विचारलं. "फार खडूस माणूस. मला लिहितो, तिसऱ्या धड्यात मास्तरांपेक्षा पंखाच जास्त बोलतो!"

तुंगानं घाईनं घोट गिळला. जीभ पोळली.

"पंखा वाजतो, खरंच."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"कारण... टी म्हणजे तुंगा."

त्याचे कान लालबुंद झाले. मग तो असा खळखळून हसला, की शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळून बघू लागले.

"मग त्या खडूस माणसानंच सांगावं, पंख्याशिवाय माझ्या कोंदट खोलीत मी बोलू कसा?"

"आमच्या घरी या. मागची खोली थंड असते."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

तो रविवारी आला. मग पुढच्याही रविवारी. तुंगाचे बाबा दामोदरराव कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारात पहारा देत. आत संकर्षण धडा बोले आणि तुंगा समोर बसून ऐके. "स्वल्प सावकाश," ती हात हलवून खुणावी. तो सावकाश बोले... आणि पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राही.

"बघता काय? थर कसे लावायचे ते सांगा."

"तेच सांगतोय. एकावर एक... हळूहळू. खालचं पुसू द्यायचं नाही."

ती खाली बघे. हसू मात्र लपत नसे.

त्याचे धडे पानावर येणं त्याला फार गरजेचं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी बजावलं होतं, प्रकल्पानं पसंत केलेले धडे असतील, तरच चित्रकलेला संगणकाची खोली मिळेल. मुलं रोज विचारत होती.

शेवटचा, आठवा धडा आला, तेव्हा तुंगानं तो ऐकायला लावला आणि शेऱ्यात 'उत्तम' असं लिहिलं. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, धडा अजून निम्माही ऐकून झाला नव्हता. तिनं फक्त आवाज ऐकला होता.

तिनं धडा थांबवला. आपल्या माणसाचा धडा आपण पारखायचा नाही, हा नियम तिनंच मांडला होता. आपला माणूस... तो शब्द मनात आला आणि तिला रडूही आलं, हसूही.

तिनं शेरा पुसला. सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं: "हे धडे मी पारखू शकत नाही. कारण वैयक्तिक आहे. कृपया दुसऱ्या कुणीतरी पाहावेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संकर्षण दारात उभा होता. चेहरा उतरलेला.

"हेडमास्तरांनीही वाचलं," तो म्हणाला. "माझं काय चुकलं, तुंगा? मला आधी सांगायचं तरी..."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग वैयक्तिक म्हणजे काय?"

"म्हणजे..." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही बोलायला लागला, की मला धडा ऐकूच येत नाही. तुम्हीच ऐकू येता. आठवा धडा तर निम्माही न ऐकता मी 'उत्तम' ठरवून टाकला. अशा माणसानं कसं पारखायचं, सांगा?"

त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

"हे तू... सगळ्या जगासमोर लिहिलंस?"

"अर्थ तुम्हालाच कळावा म्हणून लिहिलं. कळला नाही ना, अल्वा?"

"मास्तर आहे मी. मला नीट समजावून सांगावं लागतं."

आत कुकरची शिट्टी झाली. बाबा पहाऱ्यावर नव्हते. किंवा शहाण्यासारखे बाजूला झाले होते.

पोर्तुगालच्या एका बाईंनी धडे तपासायला घेतले. कन्नड येणाऱ्या कुणाची तरी मदत घेत त्या सावकाश बघत होत्या, आणि तोवर शाळेतली मुलं वाट बघत राहिली. अखेर निकाल आला, तेव्हा संकर्षण तुंगाच्याच घरी होता. सात धडे पानावर लागले होते. हेडमास्तरांचा फोनही येऊन गेला: सोमवारपासून खोली उघडू. आठवा धडा मात्र परत आला होता. रंग मिसळायची पद्धत साफ चुकली आहे, असं बाईंनी लिहिलं होतं.

"हाच ना," संकर्षण हळूच म्हणाला, "ज्याला तू उत्तम म्हणाली होतीस?"

तुंगानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानं ते हात अलगद बाजूला केले, पण सोडले नाहीत. "इतका चुकलेला धडा आणि तुला उत्तम वाटला... म्हणजे आता लग्नाचं विचारायला हरकत नाही ना?"

"हौदु," ती कन्नडमध्ये म्हणाली. मग आजोळ सोसल्याचं असलं, तरी मास्तरांना नीट समजावून सांगावं लागतं हे आठवून तिनं मराठीतही सांगितलं, "हो."