साहेबांच्या दाराशी रांग

एक होता मंत्री, एक होता त्याचा कारकून, अन् एक होती कारकुनाची थोरली बहीण, जिचा नवरा दगडखाणीत कामाला होता. मंत्र्याकडे उत्तरं होती, कारकुनाकडे आकडे होते, बहिणीकडे दोन मुलगे होते.

ती बहीण मी. कारकून माझा धाकटा भाऊ, तुमचा मामाआजोबा. तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे मला तो चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. ही गोष्ट मला सांगताना त्याचे कान पांढरेफटक होते.

कचेरीत त्याला सगळे बिनचूक म्हणायचे. सभागृह भरलं की निवडून आलेली माणसं मंत्र्यांना प्रश्न विचारतात, अन् मंत्री कागदावरून उत्तर वाचतात. तो कागद काही मंत्री लिहीत नाही. बिनचूक लिहितो. खालच्या कचेऱ्यांतून आकडे मागवायचे, बेरीज मारायची, टाइप करायचं अन् सकाळी आठच्या आत साहेबांच्या हातात द्यायचं.

त्या वर्षी विरोधी बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, दगडाच्या धुळीनं पाच वर्षांत किती कामगार मेले? प्रश्न एका ओळीचा, पण त्यावर माझ्या थोरल्याचा जीव टांगलेला. तुमचे आजोबा त्या धुळीनंच गेले. पंधरा दिवस झाले नाहीत तोवर खाणवाल्यानं त्यांच्या जागी थोरल्याला लावलं. नको म्हणावं तर राहती खोली खाणीची. पोरगा एकोणीस वर्षांचा, अन् रात्र रात्र उशीला टेकून बसायचा, आडवं पडलं की श्वास अडकायचा. हो, तुमचाच बाप. माणसं मेली असं मंत्री सभागृहात म्हणाले, तर खडी फोडायचं यंत्र बंद होणार होतं. कोणी मेलं नाही म्हणाले, तर खाणीला आणखी दहा वर्षांचा परवाना.

खालून तक्ता आला. त्यात लिहिलं होतं निरंक. म्हणजे शून्य, कोणी नाही. अन् गंमत बघा, तक्ता खोटा नव्हता. त्यात रकाने तीनच, क्षय, अपघात, इतर. धुळीचा रकाना कोणी आखलाच नव्हता. खाणीचा डॉक्टर जमेल तेवढ्यांना क्षयात ढकलायचा, उरले ते इतरात. चोवीस वर्षं घण मारलेला माझा नवरा... इतर.

बुधवारची रात्र. साडेअकरा वाजलेले. सकाळी लवकर सभागृह म्हणून साहेब घरी न जाता आतल्या खोलीत कोचावर आडवे झाले होते. बिनचूक तक्ता घेऊन आत गेला.

"साहेब, हा आकडा बरोबर नाही."

"तुझी बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. माणसं कमी आहेत. माझे दाजीच..."

साहेबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "दाजी तक्त्यात आहेत?"

"नाहीत."

"मग मला कशाला सांगतोस? टाइप कर जा. अन् जाताना दिवा घालव."

त्यानं दिवा घालवला. बाहेर येऊन टाइपही केलं. होय, माझ्याच भावानं. "नोकरी होती गं ताई," म्हणाला. त्यावर मी त्याला काय काय बोलले, ते पोरासोरांपुढे सांगण्यासारखं नाही.

शून्य टाइप झालं तेव्हा घड्याळात बारा चाळीस.

अन् बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

"शिपाई असेल, आजी."

शिपाई दहालाच घरी गेला होता. तोंड मिट अन् ऐक.

बाकावर एक माणूस बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवून, नंबराची वाट बघत बसावं तसा. केस पांढरे. भुवया पांढऱ्या. पापण्याही. म्हातारा नव्हता हो, धूळ होती ती. बिनचूकनं सवयीनं म्हटलं, "वेळ संपली. उद्या या."

"उद्या उशीर होईल." आवाज असा, जसा खडीवरून पत्रा ओढावा. "नाव लिहून घ्या."

"कशात लिहू?"

"ज्यात नाही त्यात."

तेव्हा भावाचं लक्ष जिन्याकडे गेलं. रांग होती. खालपर्यंत. एकामागे एक, सगळे पांढरे. कोणी ढकलत नव्हतं, कोणी पुढे घुसत नव्हतं. जन्म रांगेत गेलेली माणसं ती. मेल्यावरही रांग मोडली नाही.

बाकावरचा उठला.

"साहेब कुठे बसतात?"

भाऊ सांगू शकला असता, की साहेब नाहीत. रोज वीस जणांना सांगायचा. इतरांना तो अजून म्हणतो, हात आपोआप उचलला गेला. मला खरं सांगितलं. "ताई, मीच उचलला."

त्यानं दाराकडे बोट केलं.

दार उघडलं नाही. तरी पहिला आत गेला. आतून खोकला आला. तो खोकला... साहेबांचा होता.

दुसरा गेला. पुन्हा खोकला.

तिसरा...

बिनचूकला मोजायची खोड. मोजत राहिला. नऊ. सोळा. बावीस. आत जाणारा बाहेर येत नव्हता. साहेबांची खोली केवढी? चार खुर्च्या, एक कोच. तीस. चौतीस. प्रत्येकाला एक खोकला.

सदतिसावे तुमचे आजोबा.

ते थांबले. मेहुण्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. वर केली, तेव्हा जिना रिकामा.

"तू रडलीस का गं, आजी, हे ऐकून?"

नाही. मी एवढंच विचारलं, कसे दिसत होते? म्हणाला, "ताई, त्यांना दम लागत नव्हता."

सकाळी साहेब खोलीतून बाहेर आले ते भांग पाडून, नीटनेटके. कागद घेतला. सभागृहात बाईंनी प्रश्न विचारला. भाऊ अधिकाऱ्यांच्या मागच्या बाकावर बसलेला.

"अध्यक्ष महोदय, अधिकृत आकडेवारीनुसार..." खोकला. पाणी प्यायले.

"अधिकृत आकडेवारीनुसार, शू..." खोकला. समोरून कोणीतरी ओरडलं, "मंत्र्यांच्या घशात आकडा अडकला!" सगळे हसले.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं. हसणं थांबलं.

"सदतीस."

तो आवाज साहेबांचा नव्हता. पत्रा... खडीवरून.

बाई उभ्या राहिल्या. "नावं आहेत का?"

साहेबांच्या हातातला कागद खाली पडला. अन् त्यांनी नावं सांगितली. न बघता. नाव, बापाचं नाव, वय, खोलीचा नंबर. एकेक. सचिव कोट ओढत होते, पण ते थांबेनात. सगळ्यात शेवटी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बरं का. इतर नाही.

सभागृहात मंत्री बोलला की ते लिहून घेतलं जातं, मागाहून त्याला स्वतःला ते खोडता येत नाही. शनिवारी यंत्राला सील लागलं. खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर झाल्या. साहेबांचं मंत्रिपद गेलं. खोकला नाही गेला. मला त्यांची दया येते का? खूप शोधली. सापडली नाही.

मग हुकूम निघाला की खाणीतल्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढायचा. मी थोरल्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी कोण, तर साहेब. रुमाल तोंडाला लावून.

डॉक्टरांनी दोन फोटो उजेडावर धरले. कपाळाला आठ्या. साहेबांना विचारलं, "खाणीत किती वर्षं होतात?"

"मी? मी आयुष्यात खाणीत पाय ठेवला नाही."

"मग पाकिटं बदलली असतील," डॉक्टर म्हणाले, अन् दोघांचे फोटो पुन्हा काढले. आपल्या हातांनी. पाकिटांवर नावं स्वतः लिहिली.

पुन्हा तेच. साहेबांची छाती पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली, वीस-पंचवीस वर्षं घण मारलेल्या माणसाची. अन् माझ्या थोरल्याची लख्ख, त्यात एक ठिपका नाही.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटांवरची नावं पुन्हा एकदा वाचली. मग थोरल्याचा फोटो माझ्या हातात दिला.

"आई, तुमच्या मुलाला काही झालेलं नाही. घरी घेऊन जा."

मी घेऊन आले. त्या रात्री तो आडवा पडून झोपला, सकाळी नऊपर्यंत. मी उठवलं नाही.