टिकोजीची उलाळ क्वाड

गाडीला पुढे रेटलं तर ती पुढे जायला हवी. मग टिकोजीची गाडी वर का जात होती?

बोरमाळच्या माळावर मैना हाच विचार करत उभी होती, आणि तिचा यंत्रमानव टिकोजी मातीत उताणा पडून आकाश बघत होता. सकाळपासूनची ही तिसरी खेप. क्वाड (चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची गाडी) सुटली रे सुटली की पुढची दोन्ही चाकं वर उठायची, नि स्वार मागच्या मागे.

"मैनाताई, ढग सुंदर आहेत," टिकोजी म्हणाला. "पण मला उठवा."

सन २०७१ ची गोष्ट. भैरोबाच्या जत्रेत आता बैलगाड्यांऐवजी विजेच्या क्वाडची ड्रॅग रेस होत असे. जागेवरून सुटायचं आणि दोनशे मीटर सरळ धावायचं. गाडी मुलांनी बनवायची, चालवायची मात्र यंत्रमानवांनी. जुना मान तेवढा टिकून होता. प्रत्येक वाडीने जत्रेच्या खिरीसाठी खपली गव्हाची गोणी याच गाडीवरून कढईपर्यंत न्यायची, आणि ती स्वाराच्या पाठीमागेच बांधायची. पुढे बांधली तर देवाच्या गव्हाला पाय लागेल ना! शिवाय पुढची चाकं दोन सेकंद हवेत राहिली, की मोटर आपोआप बंद आणि गाडी बाद.

गेली दोन वर्षं मैनाची गाडी बाद झाली होती, आणि तिच्या खालच्या वाडीचा गहू टेम्पोतून कढईकडे गेला होता. तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढच्या महिन्यात ती चौदा वर्षांची होणार, आणि चौदा झाल्यावर शर्यतीत गाडी उतरवता येत नाही. म्हणजे ही शेवटचीच संधी.

तिने पुढे लोखंडाची कांब बांधून पाहिली. चाकं खाली राहिली, पण गाडी गाभण म्हशीसारखी चालायला लागली.

"आत्ये, मोटरची ताकद कमी करू?"

शालनआत्या चांद्रगाड्यांच्या कारखान्यात अभियंता होती, जत्रेला रजा काढून आली होती. "कर की. मग समद्यांच्या मागनं खीर खायला जा," ती म्हणाली. "आदी सांग, तू ट्रॉलीत उभी हाईस आन् ट्रॅक्टर झटक्यात सुटला, तर कुणीकडं पडतीस?"

"मागं. पाय पुढं जात्यात, डोकं मागं ऱ्हातंय."

"क्वाडचंबी तसंच."

आत्याने खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर गाडी काढली. मागची चाकं जमिनीला मागे रेटतात, म्हणून जमीन त्यांना पुढे रेटते. हा रेटा बसतो अगदी तळाशी. पण गाडी, स्वार आणि गोणी यांचा मिळून जो गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येतं, तो बिंदू), तो असतो बराच वर. तळ पुढे पळतो आणि वरचं वजन जडत्वामुळे (आहे त्याच स्थितीत राहण्याच्या गुणामुळे) मागे रेंगाळतं. मग गाडी मागच्या चाकांवर उभी राहू बघते.

"मग दर वेळी का उलटत न्हाई?"

"वजन तिला खाली दाबतंय की. गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या जितका पुढं, तितका दाब जास्त. आन् जितका उंच, तितकी उलटायची भीती जास्त. आता तुजी गोणी बघ."

गोणी होती मागच्या कॅरियरवर, उंच, आणि आसाच्याही (ज्यावर मागची चाकं बसतात त्या दांड्याच्या) मागे.

"बैलगाडीत आसाच्या मागं वजन झालं, की जू वर उचलतं. माजा आजा त्येला उलाळ म्हणायचा."

"पन गोणी पुढं न्यायची न्हाई! मान हाय!"

"मग बघ बाई तूच," म्हणून आत्या चहाला गेली.

मैना त्या चित्राकडे बघत बसली. चहा होईपर्यंत बसली, चहा गार होईपर्यंत बसली. मग एकदम ओरडली, "आत्ये, गोणी हलत न्हाई, तर चाक हलवूया!"

मोटर चाकांतच होती, साखळी लांबवायची नव्हती, त्यामुळे काम सोपं होतं. आस धरणारे लोखंडी हात आत्याने वेल्डिंग करून हातभर लांब केले. आस मागे गेला आणि टिकोजीच्या पाठीमागची गोणी जागची न हलता आसाच्या पुढे आली! मैनाने उंच कॅरियर काढून ती खालीही बसवली.

"आन् तू पुढं वाक," तिने टिकोजीला बजावलं.

"किती?"

"नाक हँडलला लागेपतुर."

"मला नाक नाही."

"हाय असं समजून वाक!"

जत्रेच्या दिवशी शिट्टी झाली. पुढची चाकं चार बोटं वर उठली. मैनाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा चाकं मातीवर होती आणि टिकोजी वाकल्या वाकल्या धावत सुटला होता. वरच्या वाडीची गाडी पहिली आली, मैनाची दुसरी. पण खालच्या वाडीचा गहू यंदा क्वाडवरून कढईपर्यंत आला, आणि मैनाने तो स्वतःच्या हातांनी आत ओतला. तिला इतका आनंद झाला, की पहिला नंबर गेल्याचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"फुडच्या वर्षी तुला गाडी उतरवता येणार न्हाई," खीर खाताना आत्या म्हणाली.

"ठावं हाय."

"चंद्रावर वयाची अट न्हाई. तिथं वजन सहावा हिस्सा भरतं. मग गाडी उलाळ हुईल का गं?"

मैना विचारात पडली. "दाब कमी हुईल... पन मग चाकांची पकडबी कमी हुईल की! आत्ये, तिथं गाडी आदी उठंल का आदी घसरंल?"

आत्याचा चमचा हवेतच राहिला. "काढ बघू चित्र," ती म्हणाली.

मैनाने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि मातीत चंद्रावरची गाडी काढायला घेतली. गोणी तिने स्वाराच्या पाठीमागेच काढली.