थकव्याचा पासंग

डॉ. वैजयंती खांबेटेच्या डोळ्यांत दुसऱ्या माणसाची झोप उतरली, तेव्हा सकाळचे दहा वाजत होते आणि बाहेर धावपट्टीवर लख्ख ऊन पडलं होतं.

आधी पापण्या जड झाल्या. मग मानेवर कुणीतरी ओलं पोतं ठेवावं तसं ओझं आलं. तोंडात कडवट चव, कानांत बारीक गुणगुण. आणि मग एकदम काहीच नाही. खोली नाही, खुर्ची नाही, आपण नाही. पुढच्याच क्षणी सगळं परत जागेवर आलं, छातीत धस्स करून.

तिने डोक्यावरची टोपी ओढून काढली. समोरच्या खुर्चीत कॅप्टन भूषण तांडेल तशीच टोपी घालून बसले होते. डोळे उघडे, चेहऱ्यावर हसू. तपासणीला आलेला प्रत्येक वैमानिक असलं हसू घरूनच घालून येतो.

"काय डॉक्टर, ठीक आहे ना इंजिन?"

"तुम्ही आत्ता झोपला होतात."

"मी? डोळे उघडे होते की माझे!"

"हो. उघड्या डोळ्यांनी झोपला होतात. पापणी मिटायच्या आत मेंदू मिटला. याला क्षणडुलकी म्हणतात. ज्याला येते त्याला कळतसुद्धा नाही. मला कळली, कारण ती माझ्या डोक्यात आली."

तांडेलांचं हसू तिथेच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेल्यासारखा दिसला.

वैमानिकांची तपासणी पूर्वी अशी होत नसे. रक्त, दृष्टी, हृदयाचा आलेख ही माणसाची सगळी मोजण्याजोगी बाजू मोजली जायची. पण चक्कर, धास्ती, थकवा यांना माप नाही. ते विचारावं लागे; आणि विचारायचं कुणाला, तर ज्याच्या उत्तरावर त्याचंच उडणं अवलंबून, त्याला. कोण खरं सांगेल? कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका घडीत, शरीराच्या आतल्या बातम्या सतत येत असतात: हृदय धडधडतंय, पोट ढवळतंय, तोल जातोय. डॉ. निरंजन घारपुरे यांनी त्या बातम्या टोपीने वाचायची आणि दुसऱ्या माणसाच्या मेंदूत तशाच उमटवायची युक्ती शोधली. तपासणारा डॉक्टर वैमानिकाचं शरीर स्वतःच्या शरीरात अनुभवू लागला. या यंत्राला त्यांनी नाव दिलं 'सहवेद'. विमानतळाच्या कुंपणाला लागून त्यांनी संस्था काढली आणि तिथे डॉक्टरांना सहवेद वापरायला शिकवू लागले.

एक अडचण मात्र होती. डॉक्टरचंही शरीर बोलत असतंच. त्याचं स्वतःचं डोकं दुखत असेल, तर ते दुखणं वैमानिकाच्या नावावर जायचं. म्हणून सहवेद आधी मिनिटभर डॉक्टरचीच अवस्था टिपून घेई आणि ती वैमानिकाच्या अवस्थेतून वजा करी. वाण्याच्या तराजूची पारडी सारखी नसली, तर तो हलक्या बाजूला खडा बांधून काटा सरळ करतो, आणि त्या खड्याला पासंग म्हणतात. घारपुऱ्यांनी तोच शब्द उचलला. डॉक्टरचा पासंग काढला की उरतो तो फक्त फरक. फरक शून्य आला की वैमानिक पात्र. प्रत्येकाला दोन डॉक्टर वेगवेगळे तपासत.

"अपात्र लिहू नका, ताई," तांडेल म्हणाले. डॉक्टरची ताई झाली होती. "मला कसलाही आजार नाही. झोप नाही, एवढंच. या महिन्यात घरी किती वेळा पाठ टेकली ते बायकोला विचारा, ती हसेल तुम्हाला. पण तुमच्या कागदावर झोपेला जागा कुठेय? जागा आहे ती आजाराला. तुम्ही अपात्र लिहिलंत की कंपनी म्हणणार, तांडेलला निद्राविकार. वेळापत्रक तसंच राहील आणि माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. तोही असाच झोपेतला."

"आणि मी पात्र लिहिलं तर? उद्या सकाळी तुम्हाला विमान न्यायचंय. मागे दोनशे माणसं."

तांडेलांनी बाहेर धावपट्टीकडे पाहिलं. खाडीकाठच्या गावातला हा माणूस. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या होडकी हाकलेली. पाण्यावर झोपणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"तेही खरंच आहे," ते शेवटी म्हणाले. "म्हणून तर हसत होतो."

वैजयंतीने निष्कर्ष लिहिला: क्षणडुलकी, विश्रांतीशिवाय उड्डाणास अपात्र.

बाहेर तिच्या तुकडीतला डॉ. इम्तियाज मुजावर भिंतीला टेकून उभा होता. मिरजेचा, तोंडाचा फटकळ, मनाचा सरळ.

"तांडेलला अपात्र? बाई, काल मी तपासलाय त्याला. शून्य आलं. स्वच्छ शून्य!"

"तुला झोप जाणवली नाही? मानेवर ओझं?"

"ओझं? ते तर मला रोजच असतं." मुजावर हसला. "चार रात्री जागलोय. तुझं बरंय, देव तुला झोपायला लावतो. आमचा देव घारपुरे, तो जागं ठेवतो."

हा टोमणा वैजयंतीला रोजचाच होता. चातुर्मासात दिवेलागणीनंतर अन्न नाही, कामाला हात नाही. लवकर निजायचं आणि पहाटे उठून जप करायचा, हा तिचा नेम. खोटं बोलायचं नाही, हा बाराही महिन्यांचा. संस्थेने नाक मुरडत तिला चार महिने रात्रपाळी माफ केली होती. बाकीचे आळीपाळीने रात्रभर विमानतळाचा दवाखाना सांभाळायचे आणि सकाळी सहवेदच्या खुर्चीत येऊन बसायचे. याचा त्यांना अभिमानच होता. डॉक्टर म्हटला की जागणारच. जो जास्त जागला तो जास्त पक्का. विद्यार्थी असल्यापासून अंगात मुरलेली ही बढाई.

रोज टोमणा ऐकून ती पुढे जायची. आज जागीच थांबली.

"इम्तियाज, तुझ्याही मानेवर तेच ओझं होतं."

"मग?"

"मग यंत्राने ते वजा केलं. त्याचा थकवा उणे तुझा थकवा. शून्य येणार नाही तर काय येणार?"

मुजावरचं हसणं विरलं. त्याने आतापर्यंत किती जणांना पात्र लिहिलं होतं, ते तो मनात आठवत असावा.

"सरांना सांगायला हवं," तो म्हणाला. "त्यांच्या लक्षात आलं नसणार."

वैजयंतीलाही तसंच वाटलं. जिना चढताना तिला घारपुऱ्यांची कीवच आली. एवढं मोठं काम आणि एवढी साधी चूक.

घारपुऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "घ्या. की आज एकादशी?"

"चहा चालतो, सर. पण आधी रात्रपाळ्या थांबवायला हव्यात. थकलेल्याने थकलेल्याला तोललं तर काटा सरळच उभा राहणार."

"बरोबर आहे तुमचं."

"मग आजपासूनच..."

"त्या रात्रपाळ्या मीच सुरू केल्या, डॉक्टर."

वैजयंतीचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"पहिल्या तुकडीला मी पोटभर झोपवून आणायचो," घारपुरे म्हणाले. त्यांच्या स्वरात लाज नव्हती. वर्गात शिकवतानाचा तोच स्वर. "त्यांनी महिनाभरात तपासलेल्या वैमानिकांपैकी निम्म्याहून जास्त अपात्र निघाले. विमानं उभी राहिली. लोक सामानावर डोकं ठेवून विमानतळावर पडले. मंत्रालयातून फोन, कंपन्यांचे फोन. म्हणाले, यंत्र दुरुस्त करा, नाहीतर बंद करा. ज्या यंत्राने आजवर किती लपवलेली हृदयं पकडली, लपवलेले झटके पकडले, ते बंद होऊ द्यायचं? मी पासंग थोडा हलवला. हृदय अजूनही पकडलं जातं. फक्त थकवा तेवढा निसटतो."

"सर, वैमानिकांना झोप द्यायची होती."

"ते माझ्या हातात नाही. पासंग माझ्या हातात आहे."

वैजयंतीला आवाज चढवता येत नसे. घरी, शाळेत, रुग्णालयात कुणीच तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. आताही तो चढला नाही. उलट इतका खाली गेला की घारपुऱ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"वाणी पासंगात लबाडी करतो तेव्हा गिऱ्हाइकाचे चार दाणे जातात. तुम्ही पारड्यात माणसं ठेवलीत. आम्हाला जागवून जागवून तुम्ही आमचेच दगड केलेत आणि त्याला शिक्षण म्हणता. माणूस थकलाय हे दुसऱ्या माणसाला कळू नये, याचं शिक्षण! लाज कशी वाटत नाही?"

घारपुऱ्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "संस्थेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर ज्याचा पासंग वेगळा त्याने तो इतरांसारखा करून पुन्हा तपासायचं. म्हणजे तीन रात्री दवाखान्यात. तुमचा नेम आडवा येत असेल तर नका येऊ. तुमचा निष्कर्ष रद्द होईल, मुजावरांचा राहील आणि तांडेल उडतील."

"मी येईन."

तिथेच तिची चूक झाली, आणि ती चूक तिच्यासारखीच बाई करू शकत होती. लहानपणापासून तिने निर्जळी उपास काढले होते. पोटात आग पडली तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे तिच्या हाडात होतं. देह म्हणेल ते ऐकायचं नसतं, त्याला सोसायला लावायचं असतं. भूक जिंकता येते, तशी झोपही जिंकू, असं तिने धरलं. जे एकदा जाणवलं ते खरं होतं; खरं असेल तर पुन्हाही जाणवेल. देवापुढे हात जोडून तिने नेम मोडल्याची क्षमा मागितली आणि दिवेलागणीला दवाखान्यात गेली.

तीन रात्री ती जागली. एकदाही टेबलावर डोकं टेकलं नाही. इतरांना तिचं कौतुक वाटलं. "आता झालीस खरी डॉक्टर," मुजावर म्हणाला, पण थट्टेचा सूर काही लागला नाही.

तांडेलांचं उड्डाण तेवढ्यापुरतं थांबवलं होतं. पण जमिनीवरचा वैमानिक मोकळा का सोडायचा, म्हणून कंपनीने तिन्ही रात्री त्यांना सिम्युलेटरवर बसवलं, नव्या मुलांना शिकवायला. चौथ्या दिवशी ते खुर्चीत येऊन बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं दिसत होतं. हसूसुद्धा आणलं नव्हतं त्यांनी.

"लिहा ताई, तुम्हाला वाटेल ते लिहा," ते हळूच म्हणाले. "परवा सिम्युलेटरमध्ये मी विमान डोंगरावर नेलं. पोरगं शेजारी ओरडलं तेव्हा कळलं. ते खोटं विमान होतं म्हणून बसलोय इथे. तुम्ही अपात्रच लिहा."

घारपुरे आणि मुजावर काचेपलीकडे उभे होते. वैजयंतीने टोपी घातली. सहवेदने मिनिटभर तिचा पासंग टिपला. मग दिवा हिरवा झाला.

तिने वाट पाहिली. मानेवरच्या ओझ्याची, कडवट चवीची, त्या काळ्या फटीची. मन एकवटलं. देवाचं नाव घेतलं.

काही नाही. निवांत, स्वच्छ, रिकामं. समोर बसलेला माणूस तिच्या आत निरोगी होता.

"काय?" तांडेलांनी विचारलं.

"मला काहीच जाणवत नाही." तिने टोपी कानशिलांवर घट्ट दाबली. "तुम्ही थकलेले आहात. मला दिसतंय, तुम्ही सांगताय, मी स्वतः अनुभवलंय. आणि मला काही म्हणजे काही जाणवत नाही!"

घारपुरे आत आले. "मग शून्य लिहा."

"मी अपात्र लिहिणार."

"न जाणवलेलं जाणवलं म्हणून लिहिणार?" घारपुऱ्यांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे खोटं लिहिणार. तुम्ही?"

तिने पेन उचललं. तिला ओरडायचं होतं. या माणसाने तिची झोप घेतली होती, नेम घेतला होता, आणि आता तिचं खरेपण सुरीसारखं तिच्याच गळ्याला लावून उभा होता. कागदावर वैमानिकाच्या नावापुढची जागा तिने कोरी सोडली. खाली परीक्षकाची सही असते तिथे दाबून, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: परीक्षक अपात्र.

घारपुऱ्यांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. "याला रकाना नाही," ते म्हणाले. "मुजावर, या तुम्ही."

मुजावर आत आला. त्याने वैजयंतीकडे पाहिलं नाही. टोपी घातली, मिनिटभर बसला. "सर, पण ते स्वतःच म्हणतायत की..."

"तुम्हाला काय जाणवलं ते विचारतोय."

मुजावरने मान खाली घातली. "शून्य."

"सही करा."

तो सही करत असताना वैजयंती खुर्चीवरून उठली. कागद हिसकावून घ्यायचा, काच फोडायची, धावपट्टीपर्यंत ओरडत जायचं, असं सगळं तिच्या मनात एकाच वेळी आलं. तीन रात्री पोटात साठवलेला संताप तिने घशापर्यंत आणला. तोंड उघडलं.

जांभई आली.

लांब, जबडा दुखेपर्यंत येणारी जांभई. ती मिटेपर्यंत संताप कुठे होता ते तिला आठवेना. आठवायचा प्रयत्नही फार वेळ टिकला नाही. ती पुन्हा खुर्चीत बसली.

तिची जांभई पाहून मुजावरला आली. मुजावरची पाहून कॅप्टन तांडेलांना. पात्र असल्याचा कागद तोंडापुढे धरून त्यांनी ती झाकली, गणवेशाची टोपी सारखी केली आणि ते विमानाकडे निघाले.

घारपुऱ्यांना एकट्यालाच जांभई आली नाही. ते रात्री छान झोपले होते.