न हलणारा झुलता पूल

भुवनाच्या धाकट्या आत्याचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मांडव उतरून चार दिवसही झाले नव्हते. तिचा धाकटा भाऊ चरण धापा टाकत अंगणात आला.

"अक्का, पुलाला काहीतरी झालंय! हलतच नाही!"

"वेडा! झुलता पूल न हलून सांगतो कुणाला?" भुवना म्हणाली खरी, पण पुलाच्या मध्यावर रोज तिच्या पोटात गोळा यायचा, तो आज आलाच नव्हता!

दोघं धावली. मंगळुरूच्या कॉलेजातल्या शैलजा मॅडम सकाळीच पुलाच्या तपासणीला आल्या होत्या. त्यांचे विद्यार्थी दोराने पूल बाजूला ओढून एकदम सोडत. फळ्यांवर ठेवलेल्या डब्या झोके मोजत. संगणकात अख्खा पूल रेखलेला होता.

"संगणक म्हणतो, एका झोक्याला तीन सेकंद. पूल म्हणतो, दीड!" मॅडम वैतागल्या. "कारण कळेपर्यंत पूल बंद ठेवा, असंच मला लिहावं लागेल."

बंद! जूनमध्ये नदी भरली की शाळेला दुसरी जवळची वाटच नव्हती. सतरा किलोमीटरचा वळसा!

"अहो मारायरे, माझा पूल खोटं बोलत नाही!" भुवनाचे आजोबा, धर्णप्प अज्ज, गरजले. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच तो उभा केला होता. पण बोलताना त्यांनी मान खाली घातली.

भुवनाला एका जागी बसवेना. तेवढ्यात लग्नाचा मांडव घालणाऱ्यांचा मुलगा लतीफ आला.

"तारेचं एक वेटोळं कमी भरतंय! घरी माझी चामडी लोळवतील! तुम्हीच लपवलंत ना?"

"तुझ्या तारेचा काय हार घालायचाय?" चरण म्हणाला.

तार! भुवना ताडकन उठली. "नदीत उतरा! लवकर!"

गुडघाभर पाण्यातून तिघं पुलाखाली पोचली. पुलाच्या मध्यापासून दोन तारा दोन्ही बाजूंच्या खडकांना ताणून बांधल्या होत्या. वर पाला गुंडाळलेला!

"ही तर अज्जांची गाठ," चरण कुजबुजला. "सांगू नकोस हं. त्यांची लाज जाईल."

"नाही सांगितलं तर पूल जाईल!"

भुवनाने पक्कड आणली आणि थेट अज्जांसमोर धरली. "अज्ज, तुम्ही सोडता की मी सोडू?"

अज्ज म्हणाले, "मोठी माणसं येणार. त्यांच्यासमोर पूल लटपटला तर काय म्हणतील? लग्नात गळकं छप्पर नाही का झाकलं आपण?"

"पण त्या लटपटच बघायला आल्यात ना!"

अज्जांनी पक्कड घेतली. स्वतः उतरून तारा सोडल्या, आणि मॅडमना स्वतःच सांगितलं.

पुन्हा दोर ओढला. तीन सेकंद! सगळे ओरडले. पण पलीकडच्या काठाच्या एका डबीचा आकडा संगणकाशी जुळेना. मॅडमनी संगणकातल्या पुलाची तिथली एक लोंबती सळई सैल केली. लगेच जुळलं! म्हणजे खरी सळईही सैल असणार.

अज्जांनी तिथलं शेवाळ खरवडलं. सळईची पकड तडकली होती!

"तारा राहिल्या असत्या तर हे सापडलंच नसतं," मॅडम म्हणाल्या. "शाबास, मुलांनो! आमच्या डब्यांच्या आधी तुम्हाला कळलं."

"माझ्या नातवंडांना पूल पोटातून कळतो!" अज्ज म्हणाले.

"आणि माझी तार?" लतीफ ओरडला.

आठवड्यात नवी पकड बसली. जूनमध्ये मुलं पुलावरूनच शाळेत गेली.

धर्णप्प अज्ज त्यानंतर पाच वर्षांनी, श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी वारले. त्या दिवशीही गावातली मुलं त्यांच्या झुलत्या पुलावरूनच शाळेत गेली.