शंभरपैकी शंभर

तेजश्री टोणपेने नवऱ्याच्या मनात डोकावून पाहिलं, तर आत कुणी नव्हतं. मात्र असं काही घडलंच नाही, असं गल्लीत सांगायचं दोघांनी ठरवलंय. तेव्हा आपणही जिलबीपासूनच सुरुवात करू.

तेजश्री कराडच्या एका मंगल कार्यालयात वाढपी होती. पंगतीत कुणाचं ‘नको’ खरं आणि कुणाचं आग्रहापुरतं, हे तिला वीस वर्षांत उमगलं नव्हतं. तुडुंब जेवलेल्या व्याह्यांच्या पानात ती चार जिलब्या टाकायची आणि भुकेल्या मामांना ओलांडून पुढे जायची. सरकारने सगळ्या प्रौढांची समज-चाचणी घेतली. दुसऱ्याच्या मनातलं किती ओळखता येतं, त्याचे गुण. तिला एकतीस मिळाले. नवऱ्याला, हर्षदला, शंभर. गल्लीने त्याला शाल-श्रीफळ दिलं.

साठपेक्षा कमी गुण मिळालेल्या वाढप्यांना मनकर्णी सक्तीची झाली. कानामागे चिकटवायची चकती. समोरच्याची नजर, श्वास, चेहरा वाचून त्याला काय हवंय ते कुजबुजायची. ‘मठ्ठा.’ ‘खरंच पुरे.’ ‘हिला फक्त कुणीतरी विचारायला हवंय.’ तेजश्री हरखली. हर्षदला कायम तिच्याच आवडीची भाजी आवडायची. आज त्याच्या आवडीची करू, म्हणून चकती न काढताच ती घरी आली.

हर्षदकडे पाहताच मनकर्णी म्हणाली, ‘चहा. पाय दुखताहेत. त्याच्या आवडीचं काहीतरी करायचंय.’

हे तर सगळं तिच्याच मनातलं होतं.

तेवढ्यात शेजारचे दळवीकाका पेपर मागायला आले. हर्षद त्यांच्याकडे वळला. ‘पेपर. सून बोलत नाही,’ मनकर्णीने हर्षदचं मन सांगितलं, आणि त्याचा चेहरा क्षणभर काकांसारखा सत्तरीचा झाला.

काका गेले. तेजश्री स्वयंपाकघरात गेली आणि दाराच्या फटीतून बघत राहिली. हर्षद एकटाच बसला होता. पापणी लवत नव्हती. मनकर्णी गप्प. बिघडली असेल म्हणून तिने खिडकीतल्या मांजराकडे पाहिलं.

‘मासा,’ मनकर्णी म्हणाली.

ती बाहेर आली. “हर्षद, तुला काय हवंय रे?”

तो लगेच हसला, तिला आवडायचं तसंच. “तुला काय ऐकायचंय?”

दुसऱ्या दिवशी समज-चाचणी कार्यालयात एक अर्ज दाखल झाला:

‘महोदय, माझ्या पतीस स्वतःची एक इच्छा मंजूर व्हावी, ही विनंती. लहान असली तरी चालेल. माझ्याविरुद्ध असल्यास हरकत नाही. मात्र ती मूळ प्रतीतच मिळावी. माझ्या इच्छेची नक्कल स्वीकारली जाणार नाही. कळावे.’